मालगाडीला वेळापत्रक नसते : लातूर–कुर्डुवाडी मार्गावरील प्रकल्प नोंदी

२ जून २०२४, रविवार

आजपासून नोंदवही सुरू केली. लातूर ते कुर्डुवाडी या एकेरी रेल्वेमार्गावर वर्षभरात कोणत्या मालगाड्या येतात, त्या भरलेल्या असतात की रिकाम्या, किती वेगाने जातात आणि कोठे थांबतात, एवढेच पाहून लिहून ठेवायचे, असे ठरवले आहे. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवताना तीस वर्षे मुलांना निरीक्षणाची वही ठेवायला सांगितले, पण स्वतः मात्र ती कधी ठेवली नाही. निवृत्तीनंतर ती उणीव भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

जागा मेहुण्याच्या शेताच्या बांधावरची निवडली आहे. मुरूड आणि ढोकीच्या दरम्यान रस्त्याला फाटक आहे आणि तेथून दोनशे पावलांवर, रेल्वेच्या हद्दीच्या बाहेर, एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत बसले की डावीकडे ओढ्यावरचा पूल, समोर भरावावरून हळूहळू वळत गेलेले रूळ आणि त्यांच्या पलीकडे नांगरून टाकलेले काळे रान दिसते. पाऊस पडल्यावर हा सगळा देखावा हिरवा होईल, पण आज तापलेल्या ढेकळांवरून धुळीच्या भोवऱ्यांशिवाय काही हलत नव्हते.

एक नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवला. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे, म्हणून काहीही झाले तरी बांध सोडून रुळांकडे जायचे नाही.

सकाळी सात ते अकरा बसलो. मालगाडी आली नाही.

५ जून

गाडी नाही.

८ जून

गाडी नाही. फाटकावरच्या गेटमनने लांबूनच हात हलवून विचारले, “काय सर, आज बी बसलाव का?” बसलो होतो, हे उघडच होते.

१६ जून

मृगाचा पाऊस दोन दिवसांपूर्वी बरा झाला. आज गाडीपेक्षा सिग्नलच जास्त पाहिला आणि त्यातून जे समजले ते गाडी पाहण्याइतकेच उपयोगी आहे.

बांधावरून मुरूडच्या दिशेचा डिस्टंट सिग्नल, म्हणजे स्टेशनाच्या बराच अलीकडे आगाऊ सूचना देणारा सिग्नल, स्पष्ट दिसतो. त्यात एक पिवळा दिवा लागलेला असतो आणि तीच त्याची नेहमीची स्थिती आहे, म्हणजे पुढचा, स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल लाल आहे, थांबण्याची तयारी ठेवा. पहिल्या आठवड्यात मी हा एक पिवळा पाहून उगीचच आशेने उठून उभा राहत होतो. खरी बातमी दिवा बदलला की कळते. हिरवा झाला तर गाडी स्टेशनातून सरळ निघून जाणार. दोन पिवळे लागले तर तिला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घेणार आहेत. मालगाडीच्या नशिबी बहुधा दोन पिवळेच येतात, कारण एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या प्रवासी गाडीला वाट द्यायची झाली तर बाजूला व्हायचे ते मालगाडीनेच.

दुसरी खूण फाटकाची आहे. गाडी सोडण्यापूर्वी स्टेशनमास्तर गेटमनला फोन करतो, फाटक बंद होते आणि दोघे एकमेकांना एक ठरावीक गुप्त आकडा सांगतात, ज्याला ते प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा दोघांच्याही वहीत लिहिला जातो. अर्थात गेटमन तो मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही, पण प्रवासी गाडीची वेळ नसताना फाटक पडले, तर पेन्सिल हातात घ्यायची, एवढे ठरून गेले आहे.

२३ जून

अखेर एक गाडी नीट पाहायला मिळाली आणि आजची नोंद त्यामुळे लांबणार आहे.

सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी फाटक पडले, दहा मिनिटांत पुलाच्या बाजूने इंजिनाचा आवाज आला आणि बंद वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा, लांबलचक रेक (एकत्र जोडलेली रांग) वळणावर दिसू लागला. पुढे विजेचे एकच इंजिन होते. मार्गावर आता वर विजेच्या तारा आहेत आणि त्यांचे खांब माझ्या मोजमापाला फार सोयीचे पडतात, कारण प्रत्येक खांबावर किलोमीटरचा आकडा आणि त्याखाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. एका किलोमीटरचा पहिला खांब आणि पुढच्या किलोमीटरचा पहिला खांब इंजिनाने ओलांडायला ७५ सेकंद घेतले, म्हणजे वेग ताशी ४८ किलोमीटर झाला.

वाघिणी ४२ मोजल्या. बाजूला बीसीएनए असे लिहिले होते, म्हणजे चार-चार चाकांच्या दोन बोगींवर (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांवर) उभी, छपराची, हवेच्या ब्रेकची वाघीण. अशी एक वाघीण सुमारे साडेचौदा मीटर लांब असते, तेव्हा ४२ वाघिणींचे ६०९ मीटर, इंजिनाचे वीसेक आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनचे, म्हणजे गार्डच्या डब्याचे, चौदाएक मीटर धरले, तर सगळी गाडी ६४० मीटरांच्या आसपास जाते. माझ्या घड्याळाप्रमाणे इंजिनाच्या तोंडापासून ब्रेकव्हॅनच्या शेपटापर्यंत गाडी कडुलिंबासमोरून जायला ४८ सेकंद लागले आणि हिशेबही ६४० मीटरांचाच आला. शाळेत ‘आगगाडीची लांबी काढा’ हे गणित किती वर्षे घातले असेल. प्रत्यक्ष आगगाडीची लांबी मात्र आज पहिल्यांदा काढली.

गाडी एवढीच लांब का, याचे उत्तर स्टेशनातल्या लूपमध्ये आहे. भारतीय रेल्वेवर लूपमध्ये गाडी उभी करण्यासाठी ६८६ मीटर मोकळी जागा हे प्रमाण मानले जाते. त्यात इंजिनासह पूर्ण गाडी मावली नाही, तर तिचे शेपूट मुख्य रुळावर राहील आणि समोरची गाडी अडेल. म्हणजे रेकची लांबी इंजिनाच्या ताकदीपेक्षा वाटेतल्या स्टेशनांच्या बाजूच्या रुळांवर ठरते. आज डिस्टंट सिग्नलला दोन पिवळे होते, तेव्हा हा रेक मुरूडला लूपमध्ये घेतला गेला असणार.

भरलेली होती का? होय. वाघिणीचे दार बंद असल्याने आतला माल दिसत नाही, पण बोगीच्या मधोमध असलेल्या स्प्रिंगकडे पाहिले की उत्तर मिळते. रिकाम्या वाघिणीत स्प्रिंगचे वेढे सुटे-सुटे दिसतात, भरलेल्या वाघिणीत ते एकमेकांना जवळजवळ टेकतात. आवाजही वेगळा येतो. रिकामी वाघीण पत्र्याच्या डब्यासारखी खडखडते आणि भरलेली मात्र जमिनीतून येणाऱ्या घुमण्यासारखी ऐकू येते, इतकी की बांधावर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातले पाणी थरथरत होते. एका वाघिणीत सुमारे ६० टन धरले तरी ४२ वाघिणींचे अडीच हजार टन होतात आणि ५० किलोच्या पोत्यांत मोजायचे तर पन्नास हजार पोती. पेरणीचे दिवस आणि बंद वाघिणी एवढ्यावरून आत खतच असेल असा अंदाज केला, पण वहीत ‘माल : अज्ञात’ असेच लिहिले. गावात डीएपी खतासाठी दुकानापुढे रांगा लागल्या आहेत, म्हणून वाघिणीतही डीएपीच आहे असे मानायला मन फार लवकर तयार होते.

१४ जुलै

लातूरहून परतताना मुरूडच्या फलाटावर उतरलो, तर बंद वाघिणींचा रेक लूपमध्ये क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी, उभा होता. फलाटावरूनच वाघिणींचे क्रमांक वहीत उतरवू लागलो, तेव्हा गणवेशातील एका गृहस्थाने हटकले, वही पाहिली आणि मोबाईल खिशात ठेवण्याची अट घालून बसू दिले. त्यांचे काही चुकले नाही.

वाघिणीचा क्रमांक अकरा आकडी असतो आणि तो वाचता आला की वाघिणीची जन्मपत्रिकाच हाती लागते. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात : १० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद, ४० ते ४९ टाकीच्या, ५० ते ५९ सपाट आणि ६० ते ६९ खालून रिकाम्या होणाऱ्या हॉपर वाघिणी. पुढचे दोन आकडे कोणत्या रेल्वेची ते सांगतात, ०१ म्हणजे मध्य रेल्वे. नंतरचे दोन बांधणीचे वर्ष, त्यापुढचे चार स्वतःचा अनुक्रमांक आणि अकरावा आकडा ताळ्याचा.

हा ताळ्याचा आकडा मला फारच आवडला. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा आकडा मिळवून त्यांची तिप्पट करायची, त्यात पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा मिळवायचा, आणि येणाऱ्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जे कमी पडते तो अकरावा आकडा. घरी येऊन पडताळले, तर एक वाघीण जुळेना. मी ३१ ०१ ०७ २४६८ १ असे लिहिले होते. सम स्थानांची बेरीज २१, तिप्पट ६३, विषम स्थानांची ११, एकूण ७४, म्हणजे शेवटी ६ हवा होता. दहाव्या जागी ८ ऐवजी ३ घातला की सम स्थानांची बेरीज १६, तिप्पट ४८, त्यात ११ म्हणजे ५९, आणि शेवटचा आकडा बरोबर १ येतो. गंजलेल्या पत्र्यावरचा ३ मी ८ वाचला होता. माझ्या डोळ्यांपेक्षा हे गणित अधिक विश्वासू निघाले.

१८ ऑगस्ट

अडीच महिन्यांची बेरीज करायला बसलो आणि कपाळावर हात मारला. जूनमधल्या पहिल्या तीन बैठका सोडल्या, तर मी गाडी आली तेव्हाच नोंद केली; आली नाही त्या दिवशी कंटाळून वही न उघडताच घरी गेलो. किती तास बसलो हेच माहीत नसेल, तर आठवड्याला किती मालगाड्या येतात या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. दहा तासांत दोन गाड्या आणि शंभर तासांत दोन गाड्या माझ्या वहीत सारख्याच दिसत होत्या. विद्यार्थ्याने असा प्रयोग आणला असता, तर मी वही परत केली असती.

तेव्हा जून ते ऑगस्टच्या नोंदी वर्णनासाठी ठेवायच्या आणि संख्येसाठी बाद धरायच्या. आजपासून वहीत पहिला रकाना ‘बसलो ते तास’ हा राहील आणि रिकाम्या दिवसालाही स्वतंत्र ओळ मिळेल.

२ सप्टेंबर, पोळा

तास २. गाडी नाही. पाऊस सलग आहे. ओढा पुलाच्या दगडी पायाला लागला आहे. बैल सजवायचे असल्याने बांधावरून लवकर उठलो.

१३ ऑक्टोबर

तास ४. मालगाडी १, रिकामी, कुर्डुवाडीकडे.

सोयाबीनची काढणी आणि मळणी जोरात आहे. वर्षाच्या सुरुवातीला माझा असा समज होता, की लातूरसारखी सोयाबीनची मोठी बाजारपेठ मार्गाच्या टोकाला असताना या दिवसांत भरलेल्या मालगाड्यांची रांग लागेल. सप्टेंबरपासूनच्या २६ तासांच्या बैठकांत तसे काहीही दिसले नाही. फाटक पडले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची आणि टेम्पोंची रांग लागते, आणि त्यांच्यामधून मात्र ही एक रिकामी गाडी खडखडत निघून गेली. शेतकरी दहा-वीस पोती घेऊन थेट अडतीवर जातो. त्याला अडीच हजार टनांच्या रेकचा काय उपयोग? रेल्वेला एका ठिकाणाहून एका ठिकाणी जाणारा ढीग लागतो आणि शेतातला माल ढीग होण्याच्या आधीच्या अवस्थेत असतो. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर असताना बाजारात काय मिळतो, यावर रांगेत उभ्या असलेल्यांनी जी चर्चा केली ती या वहीत लिहिण्याजोगी नाही.

१० नोव्हेंबर

बांध सोडून आज या मार्गाच्या जुन्या वाटेवरच्या रामलिंगला गेलो. सोबत शेजारचे आबा होते, ज्यांनी तरुणपणी अरुंद रुळांवर गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्तीचा कामगार, म्हणून काम केले.

हा मार्ग मुळात बार्शी लाईट रेल्वेचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली. ती १९११ मध्ये लातूरला आणि दुसऱ्या बाजूने १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कॅलथ्रॉपचा विचार मालगाडीचाच होता. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि सगळ्या वाघिणी एकाच मापाच्या, बोगीवर उभ्या करायच्या, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने करून दाखवले. १९५४ मध्ये ही कंपनी सरकारकडे आली. रुंदीकरण होऊन लातूर–धाराशिव टप्पा २००७ मध्ये आणि धाराशिव–कुर्डुवाडी टप्पा २००८ मध्ये सुरू झाला. धाराशिव शहराला गाठण्यासाठी नवी वाट वेगळी आखली गेली आणि रामलिंगच्या झाडीतून वळणे घेत जाणारी जुनी गाडी संपली.

दरीच्या कडेला माकडांपासून शिदोरी सांभाळत बसलो असताना आबांना विचारले, की एवढी चांगली मालगाडी होती तर माल रस्त्यावर का गेला. त्यांचे उत्तर एका शब्दाचे होते : “कुर्डुवाडी.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “हितनं भरलेलं पोतं कुर्डुवाडीला उतरवायचं, पाठीवर घ्यायचं अन् मोठ्या गाडीत टाकायचं. एक-एक पोतं, सर. ट्रकवाला घरापसून घरापस्तोर न्यायचा.” रुळांची रुंदी बदलली की सगळा माल माणसाच्या पाठीवरून जातो, हे मी पुस्तकात वाचले होते, ज्यांनी ते रोज पाहिले त्यांच्या तोंडून ऐकताना ते निराळेच वाटले.

३० डिसेंबर, वेळ अमावस्या

तास ७, आणि त्यातला एकही कंटाळवाणा नाही.

येळवस असल्याने सगळे शिवारच रानात होते. मेहुण्याने बांधापासून थोड्या अंतरावर कडब्याची कोप केली होती, आत पाच पांडवांची पूजा झाली आणि आंबिलाचे मडके सावलीत ठेवले. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबील घेऊन पंगत बसली, तेवढ्यात फाटक पडले. पाहुण्यांची मुले ताट सोडून बांधाकडे पळाली आणि मीही, वयाला न शोभेल अशा घाईने, खरकट्या हाताने त्यांच्या मागे गेलो.

रेक लातूरकडे निघाला होता आणि भरलेला होता. वेग मोजायचे काम मुलांना दिले आणि मी फक्त गाडीकडे पाहत राहिलो. ज्वारी छातीएवढी वाढलेली असल्याने रुळ दिसत नव्हते. हिरव्या ज्वारीच्या वरून तपकिरी वाघिणी सरकत होत्या. वाघिणी मोजणाऱ्या तीन मुलांचे तीन आकडे आले, ४१, ४२ आणि ४४, आणि त्यावरून भांडण झाले.

शेवटी ब्रेकव्हॅन आली. गार्डचे अधिकृत नाव २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झाले आहे, पण गेटमन अजून गार्डच म्हणतो. फाटकावरून गेटमनने हिरवा बावटा धरला, गार्डनेही आपला बावटा बाहेर काढला. गाडीत काही लटकत नाही, कोठे धूर येत नाही, सारे ठीक आहे, एवढे या दोन बावट्यांनी एकमेकांना सांगितले. ब्रेकव्हॅनच्या मागे एलव्ही अक्षरांची पाटी होती, म्हणजे हे शेवटचे वाहन. धाकट्या भाचीने विचारले, की शेवटचा डबा शेवटचा आहे हे तर दिसतेच, मग पाटी कशाला? तिला सांगितले, की वाटेत जोड तुटून चार वाघिणी मागे राहिल्या, तर पुढे गेलेल्या तुकड्यालाही शेवटचा डबा असतोच. पण त्याच्यावर पाटी नसते. पाटी दिसली की स्टेशनमास्तरला कळते, की गाडी पूर्ण आली आणि मागचा मार्ग मोकळा आहे. तिने थोडा विचार करून पंगतीत परत जाताना आपल्या पाठीला ज्वारीचे पान खोचले आणि सर्वांत शेवटी चालू लागली.

१९ जानेवारी २०२५

तास ४. गाडी १, भरलेली, लातूरकडे. उसाच्या बैलगाड्यांची फाटकावर रांग. टोळीतल्या बायकांनी मालगाडीला मनसोक्त शिव्या घातल्या.

१६ फेब्रुवारी

तास ३. गाडी नाही. हरभरा काढणीला आला.

१२ एप्रिल

तास ४. गाडी नाही, पण आजची तारीख रिकामी सोडवत नाही.

नऊ वर्षांपूर्वी, १२ एप्रिल २०१६ रोजी, याच रुळांवरून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोचली होती. मांजरा धरण कोरडे पडले होते, लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आवरण्यासाठी कलम १४४ लावावे लागले होते. मिरजेला दहा टाकी-वाघिणी भरून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले; पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, जिच्यातून एका फेरीत सुमारे पंचवीस लाख लिटर येत असे. वाघिणी मूळच्या तेलाच्या, म्हणून कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास होता.

त्या वेळी मी वही ठेवत नव्हतो. लातूरला मुलीकडे राहत होतो आणि आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर येई. परत गावी येताना एकदा ती गाडी या फाटकावर आडवी आली होती आणि मी मोटारसायकल बंद करून उभा होतो. वर तारा नव्हत्या, पुढे डिझेलचे इंजिन होते. टाक्यांच्या खालच्या झडपेपाशी पत्रा ओला दिसत होता आणि तेथून थेंब खडीवर पडत चालले होते. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईने ते पाहून तोंडाला पदर लावला. मी वाघिणी मोजल्या नाहीत, वेग पाहिला नाही, स्प्रिंगकडेही लक्ष गेले नाही.

आज गेटमनला ते सांगितले. तो तेव्हा दुसऱ्या फाटकावर होता. म्हणाला, “ती गाडी आली की आम्हाला बावटा धरायला लई बरं वाटायचं, सर. अन् क्रॉसिंगला बी तिलाच आधी सोडायचे.” वर्षभर जी मालगाडी मी दोन पिवळ्या दिव्यांवर बाजूला जाताना पाहिली, तिला तेव्हा हिरवा मिळत होता.

ऑगस्टपासूनच्या तासांची बेरीज ८८ झाली असून भरलेल्या गाड्या ५ आणि रिकाम्या ४ दिसल्या. यात रात्रीचा एकही तास नाही, ही मोठी उणीव आहे. मेहुण्याने कोपीत कंदील आणि बाज ठेवायचे कबूल केले आहे; मृगाच्या आधी चार रात्री बसायचे.